गाण्यावरची चिठ्ठी



माझा विषय फलकावर वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. जन्मभर बोनस, ग्रॅच्युइटी आणि थकलेला पगार यांची भांडणे करणारा मनुष्य घरातल्या गाण्यांच्या यंत्रावर काय बोलणार, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. मलाही ती आली होती. पण व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘जे तुम्हांला स्वतःच्या हातांनी करून कळले तेवढेच सांगा’ अशी मोकळीक दिली, म्हणून उभा राहिलो. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. संगणक शिकलो तो युनियनच्या कचेरीत, भविष्यनिर्वाह निधीचे दावे भरता भरता. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात परिभाषा थोडी आणि खटपट जास्त आहे, हे आधीच कबूल करतो.

प्रकरण सुरू झाले ते असे. माझ्या वडिलांच्या पेटीत जुन्या कॅसेट होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. त्या काळात आणि त्यानंतर चाळींच्या पटांगणांत, गिरण्यांच्या दारांत शाहिरांचे जे कार्यक्रम होत, त्यांतले काही वडिलांनी उसन्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतले होते. गेल्या वर्षी त्या कॅसेट मी संगणकावर चढवल्या आणि घरच्या सर्व्हरमध्ये ठेवल्या. १ मे रोजी काही जुनी मंडळी घरी आली. त्यांत एका शाहिरांची मुलगी होती. आता ती स्वतः आजी झाली आहे, सोबत नातू होता. मी मोठ्या ऐटीने टेलिव्हिजनच्या पडद्यावर संग्रह उघडला आणि तिच्या वडिलांचा १९८३ सालचा कार्यक्रम लावला. आवाज त्यांचाच आला. पण पडद्यावर चित्र आले ते केस वाढवलेल्या, छाती उघडी टाकलेल्या पाच परदेशी तरुणांचे, हातांत गिटार. खाली नाव : ‘अज्ञात कलाकार’. नातवाने विचारले, “आजी, ह्यातले पणजोबा कोणते?”

मंडळी हसली. बाई हसल्या नाहीत. “बाबांचं नाव तेव्हाही कुठं छापून आलं नव्हतं,” एवढेच म्हणाल्या.

त्या दिवसापासून ही चूक कोठून येते याचा छडा लावायचा असे मी ठरवले. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सीडी, कॅसेट आणि गाण्यांच्या फायली यांचा ढीग आहे, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. घरचा संगीत-सर्व्हर म्हणजे कोपऱ्यात रात्रंदिवस चालू राहणारा एक लहानसा संगणक. जुना असला तरी चालतो. त्याच्या डिस्कवर आपली सगळी गाणी फायलींच्या रूपाने असतात, आणि जेलीफिन, नॅव्हिड्रोम, प्लेक्स अशा नावांचा एखादा कार्यक्रम त्यांची यादी करून, चित्रांसह, घरातल्या फोनवर किंवा पडद्यावर दाखवतो. बोटाने चित्र दाबावे, गाणे सुरू व्हावे. सोय उत्तम आहे.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. या यंत्राला गाणे समजत नाही. गिरणीतून तागा बाहेर पडला की त्याच्यावर शिक्का बसतो : गिरणीचे नाव, कापडाचा प्रकार, लांबी. गोदामातला माणूस तागा उलगडून पाहत नाही, शिक्का पाहून थप्पी लावतो. सर्व्हरचे काम तंतोतंत तसेच आहे. प्रत्येक फायलीत गाण्याच्या आवाजाबरोबर एक चिठ्ठी चिकटवलेली असते. इंग्रजीत तिला टॅग म्हणतात, आणि अशा सगळ्या वर्णनाला मिळून मेटाडेटा. गाण्याचे नाव, कलाकार, अल्बम, साल, अनुक्रमांक, चित्र हे सगळे त्या चिठ्ठीत असते. सर्व्हर चिठ्ठी वाचतो आणि थप्पी लावतो. चिठ्ठी चुकली की थप्पी चुकली. चिठ्ठी कोरी असली तर तो काय करतो, ते पुढे सांगतो. गंमत खरी तेथेच आहे.

गाण्याला नाव चिकटवण्याचा हा प्रश्न संगणकाच्या फार आधीचा आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. मुद्रणाचे साचे तबकड्या काढण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात. तेथल्या कारागिरांना कोणता आवाज कोणाचा हे कळावे कसे? म्हणून गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. आवाजातच चिठ्ठी! ती फाटत नाही की गळून पडत नाही. हा प्रसंग लक्षात ठेवा, शेवटी त्याचे काम पडणार आहे.

त्यानंतर ऐंशी वर्षांनी सीडी आली, आणि शास्त्र पुढे गेले असे आपण समजतो. सीडीचे मानक फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवले. त्यात आवाजाची सोय मोठी चोख केली, पण गाण्यांच्या नावांना जागाच ठेवली नाही. सीडीवर फक्त एक अनुक्रमणिका असते : पहिले गाणे येथे सुरू होते, दुसरे तेथे, एका सेकंदाचे पंचाहत्तर भाग करून मोजलेले. नावे लिहिण्याची सोय पुढे झाली, परंतु फार थोड्या सीडींवर ती वापरली गेली. मग सीडी संगणकात घातल्यावर गाण्यांची नावे दिसतात ती कोठून येतात?

ती माणसांनी लिहिलेली असतात. १९९०च्या दशकात टी कॅन आणि स्टीव्ह शर्फ या दोघांनी एक युक्ती काढली. सीडीवरच्या गाण्यांच्या आरंभवेळा आणि एकूण लांबी यांवरून आठ अक्षरांचा एक क्रमांक तयार करायचा, आणि त्या क्रमांकापुढे ज्याच्याजवळ ती सीडी असेल त्याने नावे टंकून पाठवायची. पुढच्या माणसाला ती आयती मिळतात. हजारो लोकांनी घरी बसून, एक पैसा न घेता, ही नावे टंकली. या संग्रहाला सीडीडीबी म्हणत. पुढे त्याची कंपनी झाली, २००० साली तिने ग्रेसनोट हे नाव घेतले, परवाना न घेणाऱ्यांना दार बंद झाले, आणि २००८ साली सोनीने ती २६ कोटी डॉलरांना विकत घेतली. टंकणाऱ्यांच्या वाट्याला त्यातला एक सेंट आला नाही. माझ्यासारख्या माणसाला येथे थांबून दोन शब्द बोलण्याचा मोह होतो, पण विषय सोडत नाही. एवढेच सांगतो की त्या प्रकाराने चिडलेल्या लोकांतूनच रॉबर्ट काय याने म्युझिकब्रेन्झ नावाचा संग्रह उभा केला. तो २००४ पासून ना-नफा संस्थेच्या हाती आहे आणि त्यातली मूळ माहिती कोणालाही फुकट वापरता येते. आपल्या सर्व्हरांपैकी कित्येक आज तेथूनच नावे आणतात.

या इतिहासातून दोन चुकांचे मूळ सापडते. एक म्हणजे, लांबीवरून काढलेला तो क्रमांक कधीकधी दोन वेगळ्या सीडींना एकच येतो. मग भावगीतांच्या सीडीवर कोण्या परक्या वाद्यवृंदाची नावे बसतात. दुसरी चूक अधिक नेहमीची. मराठी सीडी ज्याने प्रथम टंकली त्याने रोमन लिपीत, मनाला येईल तसे टंकली. कोणी अल्बमच्या जागी चित्रपटाचे नाव लिहिले, कोणी कंपनीचे, कोणी गायकाच्या जागी संगीतकाराचे. तीच चिठ्ठी तुमच्या फायलीला चिकटून घरात आली. यंत्राचा दोष नाही. कोणीतरी घाईत लिहिलेले पत्रक शंभर भिंतींवर लागले, इतकेच.

आता दुरुस्तीकडे वळू. माझा पहिला नियम असा की तक्रार आली म्हणजे प्रथम मस्टर मागवावे. पडद्यावर काय दिसते ते सोडून द्यावे आणि थेट फायलीतली चिठ्ठी उघडून पाहावी. यासाठी एमपी-थ्री-टॅग, किड-थ्री, पिकार्ड असे कार्यक्रम फुकट मिळतात. चिठ्ठीत चूक असेल तर तेथेच दुरुस्त करावी. चिठ्ठी बरोबर आणि पडदा चूक, असे असेल तर दोष सर्व्हरच्या वहीत आहे. हा एक निवाडा झाला की अर्धे काम झाले.

नवशिके, आणि त्यांत मी आलो, नेमके उलटे करतात. सर्व्हरच्या पडद्यावर ‘बदल करा’ असे बटण असते, तेथे नाव सुधारून मोकळे होतात. परंतु ती दुरुस्ती बहुधा सर्व्हरच्या स्वतःच्या वहीत होते, फायलीत नाही. पुढे संगणक बदलला, सर्व्हर नव्याने बसवला की वही गेली आणि दुरुस्ती गेली. मी चाळीस अल्बम असे सुधारले होते. डिस्क बिघडली तेव्हा चाळीसच्या चाळीस पुन्हा जुन्या नावांनी हजर झाले. तोंडी आश्वासन आणि लेखी करार यांतला फरक मला नव्याने शिकावा लागला.

चिठ्ठीचीही एक भानगड आहे. एमपी-थ्री फायलीत चिठ्ठ्या दोन असू शकतात. पहिली पद्धत १९९६ सालची. फायलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांचा तुकडा, त्यात गाण्याच्या नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०. त्यानंतर १९९८ पासून दुसरी, ऐसपैस चिठ्ठी आली, ती फायलीच्या सुरुवातीस बसते आणि चित्रही पोटात घेते. पुष्कळदा एकाच फायलीत दोन्ही असतात आणि त्या एकमेकींशी भांडतात. तुम्ही पुढची सुधारता, एखादे यंत्र मागची वाचते. ३० बाइटांत इंग्रजी ३० अक्षरे बसतात, पण आजच्या यूटीएफ-८ पद्धतीने देवनागरीच्या एकेका चिन्हास तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे. ‘अण्णाभाऊ साठे’ या नावाला बारा चिन्हे आणि मधली एक जागा मिळून ३७ बाइट होतात. ३० वर कात्री लागली तर उरते ‘अण्णाभाऊ स’ आणि पुढे थोडा कचरा. ज्या चौकटीत अण्णाभाऊ मावत नाहीत ती चौकट आपल्या कामाची नाही. जुनी चिठ्ठी सरळ काढून टाकावी, नवी ठेवावी. चिठ्ठीचा कार्यक्रम ही सोय देतो.

देवनागरी नावांचे आणखी दोन आजार सांगतो, कारण परदेशी मार्गदर्शकांत ते सापडत नाहीत. कधी पडद्यावर मराठी नावाऐवजी चित्रविचित्र खुणांची माळ दिसते. ती माळ नीट पाहावी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्याच्यामागे चार पाय फुटलेले वर्तुळ किंवा जपानी येनची खूण, मग आणखी एक चिन्ह, पुन्हा तोच ‘ए’. अशी पुनरुक्ती दिसली तर घाबरू नये. नाव शाबूत आहे. लिहिणाऱ्याने देवनागरी लिहिली, पण चिठ्ठीच्या पहिल्या बाइटमध्ये ‘हे युरोपी लिपीत आहे’ अशी खोटी नोंद पडली, म्हणून वाचणारा एकेका चिन्हाचे तीन तुकडे करून वाचतो. नोंद सुधारली की नाव परत येते. परंतु खुणांऐवजी नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर आशा सोडावी. तेथे मूळ अक्षरे पुसली गेली आहेत, नाव पुन्हा लिहिण्यावाचून उपाय नाही. एकात माणूस कुलपाआड आहे, दुसऱ्यात गेलेला आहे. कोणते कोणते हे ओळखता आले म्हणजे कित्येक तास वाचतात.

दुसरा आजार डोळ्यांना दिसतच नाही. ‘कऱ्हाडकर’ हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एक नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन, दुसरा साधा र मोडून त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकून. कागदावर दोन्ही सारखे. सर्व्हरच्या लेखी मात्र ही दोन माणसे, म्हणून त्यांच्या दोन थप्प्या. दोन्ही कऱ्हाडकर पडद्यावर शेजारी शेजारी उभे, आणि फरक काय ते कोणाला सांगता येत नाही. अशा वेळी एक नाव पूर्ण पुसून दुसऱ्याची नक्कल तेथे चिकटवावी.

नावे एकसारखी ठेवण्याचे महत्त्व येथे कळते. तमाशासम्राज्ञी विठाबाई एका फायलीत ‘विठाबाई’, दुसरीत ‘विठाबाई नारायणगावकर’, तिसरीत ‘विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर’ असतील, तर सर्व्हर तीन कलावंत मोजतो. शेवटचे नाव पूर्ण आहे, तेच सगळीकडे ठेवावे असे माझे मत. बाईंनी बापाचे नाव आणि जात लपवली नाही, ती आपण कातरू नये. दोन नावांमध्ये तिरकी रेघ मात्र टाळावी. जुन्या चिठ्ठीशास्त्रात तिरकी रेघ म्हणजे ‘येथून दुसरा माणूस’ असा संकेत आहे, त्यामुळे यंत्र नाव तेथे तोडते. शंकर-जयकिशन यांच्यातली आडवी रेघ सहसा सुखरूप राहते.

आता सर्वांत मोठी तक्रार : एका चित्रपटाचे पाच तुकडे होतात. गाणी आठ, गायक पाच, आणि पडद्यावर एकाच नावाचे पाच अल्बम, कोणात दोन गाणी, कोणात एक. याचे कारण चिठ्ठीत ‘कलाकार’ आणि ‘अल्बमचा कलाकार’ असे दोन वेगळे खाने आहेत. दुसरा खाना कोरा असला तर सर्व्हर पहिल्यावरून थप्पी लावतो, आणि गायक बदलला की थप्पी बदलते. उपाय सोपा आहे. सगळ्या गाण्यांच्या ‘अल्बमचा कलाकार’ या खान्यात एकच नाव घालावे. चित्रपटाच्या बाबतीत मी संगीतकाराचे घालतो. गायकाचे नाव ‘कलाकार’ या खान्यात आपल्या जागी राहते.

याच्या उलट चूकही होते. ‘देवदास’ १९५५ चा, सचिनदेव बर्मन यांच्या संगीताचा, आणि ‘देवदास’ २००२ चा, इस्माइल दरबार यांचा. नाव एक. अल्बमचा कलाकार आणि साल कोरे असेल तर सर्व्हर दोघांना एका थप्पीत घालतो आणि वर चित्र लावतो नव्या चित्रपटाचे. साहिरच्या शब्दांवर शाहरुख खानचा चेहरा! ‘डॉन’ १९७८ आणि ‘डॉन’ २००६ यांचेही तेच. साल लिहावे, आणि मूळ साल लिहावे. जुन्या गाण्यांची सीडी १९९० नंतर निघाली असली तर चिठ्ठीत सीडीचे साल पडलेले असते, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे गाणे परवाचे ठरते.

चित्राकडे येतो, कारण माझी फजिती चित्राने केली.

गिरणीतल्या मंडळींना बदलीवाला माहीत आहे. कायम कामगार रजेवर असला की सकाळी दारात कार्ड घेऊन उभ्या असलेल्यांतून एकाला त्याच्या साच्यावर घेत. सर्व्हरचे चित्रांच्या बाबतीत असेच चालते. तो प्रथम फायलीच्या पोटात चित्र आहे का पाहतो, मग त्या अल्बमच्या फोल्डरमध्ये रोमन लिपीत ‘कव्हर’ किंवा ‘फोल्डर’ नावाची चित्रफाइल आहे का पाहतो. हा क्रम सर्व्हरगणिक थोडा पुढेमागे होतो. दोन्ही जागी कायम कामगार नसला की तो इंटरनेटच्या दारात जाऊन बदलीवाला उचलतो. कोणाला उचलावे हे तो अल्बम आणि कलाकार यांच्या नावांवरून ठरवतो. माझ्या वडिलांनी कॅसेटवर ‘मे दिन, परळ’ असे लिहिले होते. मी आळसाने अल्बमच्या जागी त्याचे इंग्रजी केले आणि तेही रोमन लिपीत टंकले, कलाकाराचा खाना ‘नंतर भरू’ म्हणून कोरा ठेवला. सर्व्हरने जगाच्या बाजारात त्या नावाचा अल्बम शोधला. तसला त्याला सापडला, आणि त्यातले पाच तरुण आमच्या शाहिरांच्या साच्यावर येऊन उभे राहिले. बदलीवाल्याचा त्यात काय दोष? जागा मी रिकामी ठेवली होती.

म्हणून दुर्मीळ, घरगुती संग्रहाला माझा सल्ला असा की इंटरनेटवरून चित्रे आणण्याची मुभा त्या फोल्डरपुरती बंदच करावी. चित्र नसले तर चालेल, परके नको. आपले चित्र फायलीच्या पोटात घालावे आणि फोल्डरमध्येही ठेवावे. पोटात घालताना ‘दर्शनी मुखपृष्ठ’ हा प्रकार निवडावा, कारण चिठ्ठीत चित्राचे वीसएक प्रकार आहेत आणि ‘इतर’ म्हणून घातलेले चित्र एखादे यंत्र ओळखत नाही. दहा गाण्यांपैकी एकाच्या पोटात भलते चित्र राहिले तरी सबंध अल्बमवर तेच चढू शकते. तेव्हा सगळी गाणी एकदम निवडून जुनी चित्रे काढावीत आणि नवे एकदमच घालावे. चित्र धूसर दिसत असेल तर फोल्डरमधल्या लपवलेल्या फायली उघडून पाहाव्यात. जुना विंडोज मीडिया प्लेअर तेथे २०० ठिपके रुंदीची बारकी चित्रे गुपचूप ठेवीत असे. ती वर्षानुवर्षे तशीच राहतात, आणि कोणी बोलावले नसताना पुढे येतात.

सगळे सुधारले, तरीही पडद्यावर जुनेच चित्र! या ठिकाणी पुष्कळ लोक हात टेकतात. कारण असे की सर्व्हर प्रत्येक चित्राची लहान नक्कल करून बाजूला ठेवतो, फोन आपली वेगळी ठेवतो, ब्राउझर आपली. मूळ बदलले तरी नकला भिंतीवर तशाच. प्रथम ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहावे. तेथे चित्र बरोबर असेल तर दोष फोनच्या नकलेत आहे, ती पुसावी. तेथेही चूक असेल तर सर्व्हरला संग्रह पुन्हा तपासायला लावावे, आणि साधी तपासणी नव्हे, सगळी माहिती नव्याने वाचण्याची. साध्या तपासणीत तो फाइल बदलल्याची तारीख पाहतो, आणि चिठ्ठीचे काही कार्यक्रम, पर्याय तसा ठेवला असल्यास, ती तारीख जुनीच राखतात. तारीख जुनी, म्हणजे काम झालेच नाही असे सर्व्हर धरून चालतो. हजेरीची वेळ नोंदली नाही म्हणून पगार कापणाऱ्या टाइमकीपरसारखेच. याशिवाय एखाद्या नोंदीला सर्व्हरमध्ये कुलूप लावलेले आहे का, आणि नवे चित्र वाचण्याची त्याला परवानगी आहे का, हेही पाहावे.

आता खान्यांविषयी माझी एक तक्रार मांडतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५२-अ कलमाप्रमाणे ध्वनिमुद्रणावर ते काढणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कदाराचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे साल छापणे आवश्यक आहे. गाणाऱ्याचे नाव त्या यादीत नाही, वाजवणाऱ्याचे तर नाहीच. मालकाचे नाव पाहिजे, कामगाराचे असले तर असले! ‘महल’ हा चित्रपट १९४९ सालचा. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकर यांचे नाव नव्हते, पडद्यावरच्या पात्राचे ‘कामिनी’ हे नाव होते. कलावंताला आपले नाव लावून घेण्याचा हक्क कायद्याने स्पष्टपणे दिला तो २०१२ च्या दुरुस्तीत. आणि चिठ्ठीत जागा आहे बरे! संगीतकाराचा खाना आहे, गीतकाराचा आहे, वादकांसाठीही नोंद करता येते. बहुतेक सर्व्हर गीतकार पडद्यावर दाखवीत नाहीत, म्हणून लोक भरीत नाहीत, आणि लोक भरीत नाहीत म्हणून दाखवण्याची मागणी होत नाही. दिसो वा न दिसो, भरून ठेवावे. फाइल आपल्यापेक्षा जास्त जगणार आहे.

शाहिरांच्या कॅसेटला तयार नावे मिळण्याचा संभवच नव्हता. आवाजाचा ठसा घेऊन गाणे ओळखणारी एक पद्धत आहे, म्युझिकब्रेन्झवाले तिचा उपयोग करतात. पण ज्याचा ठसा पूर्वी कोणी दिलाच नाही ते गाणे ती ओळखणार कशी? तेव्हा चिठ्ठी हाताने लिहिणे आले. शाहिरांच्या मुलीला मी पुन्हा बोलावले. तिने येताना वडिलांचे एक छायाचित्र आणले, डफ हातात धरलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या. ते मुखपृष्ठ झाले. आम्ही दोघांनी बसून कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या आणि खाने भरले. शाहीर कोण, गीत कोणाचे, ढोलकीवर कोण, मागे झील धरणारे दोघे कोण. एक गीत वडिलांचे नव्हे, दुसऱ्या शाहिरांचे, असे तिने आवर्जून सांगितले आणि तेथले नाव बदलून घेतले. तुणतुणे कोणी वाजवले ते मात्र तिलाही आठवेना. दोन निवृत्त कामगारांना विचारले, त्यांची नावे एकमेकांशी जुळली नाहीत.

मग दुसऱ्या बाजूच्या शेवटी, टाळ्या विरत असताना, शाहिरांचाच आवाज आला. आपल्या साथीदारांची ते ओळख करून देत होते, गौहरजानसारखीच. ढोलकीवाल्याचे नाव आले, झीलकऱ्यांची आली, आणि तुणतुण्याच्या वेळी ते हसून म्हणाले, आमचा नेहमीचा गडी आज आला नाही, हा साचाखात्यातला बदलीवाला आहे. नाव घेतले असेलही, पण फीत तेथेच संपते.

वादकाच्या खान्यात मी सध्या ‘तुणतुणे : बदली कामगार, साचाखाते’ असे लिहून ठेवले आहे. त्या कार्यक्रमाला कोणी हजर असलेले आजच्या सभेत असतील, तर त्यांनी जाण्यापूर्वी मला भेटावे.